आधी ओळ दाखवा : लिनक्स वापरणाऱ्या मराठी मंडळींस खुले पत्र

प्रति,
लिनक्स वापरकर्ता गटांचे सदस्य, मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते आणि संस्थांमध्ये लिनक्स बसवणारे सर्व तंत्रज्ञ यांस,

विषय : ऑपरेटिंग सिस्टीमवरील कॉपीराइटच्या दाव्यांना आपण देत असलेली उत्तरे

सप्रेम नमस्कार.

संगणकखरेदीच्या बैठकीत लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचा विषय निघाला की समितीतील एखादे ज्येष्ठ सदस्य हमखास विचारतात, "उद्या कोणी मालक म्हणून उभा राहिला आणि नोटीस आली, तर ते कोणाच्या गळ्यात पडणार?" एका शिक्षणसंस्थेची संगणकव्यवस्था सांभाळताना हा प्रश्न माझ्यासमोर अनेकदा आला आहे, आणि त्यावर आपल्या मंडळींचे ठरावीक उत्तरही मी ऐकले आहे : एससीओ नावाच्या कंपनीने तो प्रयत्न करून पाहिला, ती तोंडघशी पडली, विषय संपला. या उत्तराने समितीचे समाधान होत नाही, आणि ते होऊही नये, कारण एससीओ नेमकी कशामुळे हरली हे उत्तर देणाऱ्यालाच पुष्कळदा सांगता येत नाही. ते सांगता आले, तर पुढचा दावा आल्यावर काय करायचे हेही कळेल, म्हणून हे पत्र.

लिनक्स ज्या धर्तीवर बेतलेली आहे त्या युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा जन्म १९६९ मध्ये एटी अँड टी या अमेरिकी कंपनीच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत झाला. तिचे हक्क पुढे १९९३ मध्ये नॉव्हेल कंपनीकडे गेले, १९९५ मध्ये नॉव्हेलने युनिक्सचा व्यवसाय सांता क्रूझ ऑपरेशन या कंपनीला विकला, आणि २००१ मध्ये तो तिच्याकडून कॅल्डेरा या कंपनीने घेतला. कॅल्डेरा स्वतः लिनक्स विकणारी कंपनी होती, हे येथे लक्षात ठेवावे. २००२ मध्ये तिने आपले नाव बदलून एससीओ ग्रुप असे केले आणि मार्च २००३ मध्ये, युनिक्समधले आपले ज्ञान आयबीएमने लिनक्समध्ये ओतले असा आरोप करून, आयबीएमवर अमेरिकेतील युटा राज्यात एक अब्ज डॉलरचा दावा लावला. ही रक्कम पुढे वाढत पाच अब्जांवर गेली.

हे दोन कंपन्यांचे भांडण एवढ्यावरच राहिले असते, तर आपल्याला त्याच्याशी फारसे देणेघेणे नव्हते. पण मे २००३ मध्ये एससीओने जगभरातील सुमारे १,५०० मोठ्या कंपन्यांना पत्रे धाडली, आणि लिनक्स वापरल्याबद्दल त्यांच्यावरही कायदेशीर जबाबदारी येऊ शकते असे बजावले. ऑगस्टमध्ये या भीतीवर उताराही जाहीर झाला : दर प्रोसेसरमागे ६९९ डॉलर भरून परवाना घ्यावा, ठरावीक मुदतीनंतर हाच दर १,३९९ डॉलर होईल. यातली मेख अशी की आयबीएमवरच्या मूळ दाव्यात कॉपीराइटचा मुद्दाच नव्हता. तो दावा व्यापारी गुपिते आणि करारभंग यांचा होता, कॉपीराइटचे कलम त्यात फेब्रुवारी २००४ मध्ये जोडले गेले. म्हणजे कॉपीराइटच्या नावाने वापरकर्त्यांकडून पैसे मागायला सुरुवात झाली तेव्हा तो मुद्दा आयबीएमविरुद्धच्या खटल्यात आलेलाही नव्हता. कोणत्या फायलीतील कोणत्या ओळी आमच्या आहेत, हे तर मुळीच सांगितले जात नव्हते, आणि ज्यांना त्या पाहायच्या असतील त्यांच्याकडून आधी गोपनीयतेच्या करारावर सही मागितली जात होती.

ऑगस्ट २००३ मधल्या लास व्हेगासच्या मेळाव्यात मात्र एससीओने पडद्यावर काही ओळी दाखवल्या. त्यांतील काही मजकूर वाचता येऊ नये म्हणून तो ग्रीक अक्षरांत टाकला होता. एका जर्मन प्रकाशनाने त्या पडद्याची छायाचित्रे छापली. अक्षरे ग्रीक दिसत असली तरी फक्त टंक बदललेला आहे हे जाणकारांच्या लगेच लक्षात आले आणि त्या ओळी कुठल्या याचा शोध लागायला फार वेळ लागला नाही. त्यांतील एक तुकडा स्मृतिवाटपाचा, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी मेमरी काढून देणाऱ्या फंक्शनचा होता. तो लिनक्समध्ये सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने दिलेल्या कोडमधून आला होता आणि त्याचे मूळ खरोखरच १९७० च्या दशकातील बेल लॅब्जच्या युनिक्समध्ये होते. गंमत अशी की त्या जुन्या युनिक्सचा कोड याच कॅल्डेराने जानेवारी २००२ मध्ये अतिशय सैल परवान्याखाली स्वतः खुला केला होता. दुसरा तुकडा बर्कली पॅकेट फिल्टर या नेटवर्कवरील माहिती गाळणाऱ्या कोडचा निघाला आणि त्यावर एससीओची मालकी कधी नव्हतीच.

यातला पहिला तुकडा आपल्या सोयीच्या गोष्टीत बसत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. "लिनक्समध्ये युनिक्सची एकही ओळ नव्हती" असे आपल्यापैकी अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सने जाहीर पत्राद्वारे सांगितले की आपण दिलेला दहा लाखांहून अधिक ओळींचा कोड तपासला असता युनिक्सशी नाते सांगता येईल असे किरकोळ तुकडे सापडले, ते सगळे मिळून सुमारे २०० ओळींहून अधिक नव्हते, आणि ते काढून टाकले आहेत. बचावाचा हा नमुना मला फार मोलाचा वाटतो. कंपनीने ना कानांवर हात ठेवले, ना हात वर केले. तपासले, सापडले ते सांगितले आणि काढले. ज्याला ओळ दाखवता येते त्याची ओळ बदलता येते, हे उघड्या कोडचे बळ आहे. अशा वेळी "एकही ओळ नाही" असे ओरडणाऱ्याला एक ओळ सापडताच गप्प बसावे लागते.

आयबीएमविरुद्धच्या खटल्यातही गाडी याच जागी अडली. जवळपास ३०० मुद्दे एससीओने गैरवापर म्हणून मांडले होते. त्यांतील निम्म्याहून अधिक मुद्दे दंडाधिकारी न्यायाधीश ब्रुक वेल्स यांनी जून २००६ मध्ये बाद केले, कारण आवृत्ती, फाईल आणि ओळ असा नेमका तपशील देण्याचा आदेश असूनही तो दिलेला नव्हता. त्यांच्या आदेशातील दाखला वाचण्यासारखा आहे : दुकानातून चोरी केल्याचा आरोप ठेवून एखाद्याला अडवले, तर त्याने काय चोरले हे त्याला कधीतरी सांगावे लागेल, दुकानातील सगळ्या मालाची यादी हातात देऊन "यातच कुठेतरी आहे, तूच शोध" असे सांगणे हास्यास्पद ठरेल.

तरीही अंतिम निकाल याही मुद्द्यावर लागला नाही, आणि आपल्या विजयोत्सवात नेमकी हीच गोष्ट हरवते. १९९५ च्या विक्रीकराराच्या परिशिष्टात, विकायच्या मालमत्तेतून कॉपीराइट वगळल्याचे स्पष्ट लिहिले होते. १९९६ च्या एका दुरुस्तीने त्यात संदिग्धता आणली खरी, पण एससीओ आणि नॉव्हेल यांच्यातील खटल्यात ऑगस्ट २००७ मध्ये न्यायाधीश डेल किंबॉल यांनी युनिक्सचे कॉपीराइट नॉव्हेलकडेच राहिल्याचा निर्णय दिला आणि पुढच्याच महिन्यात एससीओने दिवाळखोरीचा अर्ज केला. अपिलाच्या न्यायालयाने २००९ मध्ये तो निर्णय काही अंशी फिरवून प्रश्न ज्यूरीपुढे पाठवला, मार्च २०१० मध्ये सॉल्ट लेक सिटीतील ज्यूरीने नॉव्हेलच्या बाजूने कौल दिला, आणि २०११ मध्ये अपिलातही तो टिकला. थोडक्यात, सात वर्षे ज्या हक्काच्या जोरावर धमकावणे चालले होते, तो हक्क धमकावणाऱ्याकडे नव्हताच. लिनक्स निर्मळ आहे की नाही, हा प्रश्न पूर्ण सुनावणीपर्यंत पोहोचलाच नाही. आयबीएमविरुद्धचे उरलेसुरले प्रकरण २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोडीने मिटले. त्याच वर्षी, एससीओची मालमत्ता विकत घेतलेल्या झिनुओस या कंपनीने आयबीएम आणि लिनक्स पुरवणारी रेड हॅट यांच्यावर नवा दावा लावला. "विषय संपला" असे म्हणणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

आता त्या काळातील वापरकर्ते कसे वागले याकडे येतो, कारण हे पत्र कंपन्यांना नाही, आपल्याला लिहिले आहे.

ज्यांच्यावर खरोखर खटले झाले त्यांत डेमलरक्रायस्लर ही मोटार कंपनी होती. तुम्ही युनिक्सच्या परवान्याच्या अटी पाळता का, याचा लेखी दाखला एससीओने तिच्याकडे मागितला होता. कंपनीने थोडक्यात कळवले की आम्ही ते सॉफ्टवेअर सात वर्षांहून अधिक काळ वापरतच नाही. जुलै २००४ मध्ये मिशिगनच्या न्यायालयाने उत्तराला उशीर झाल्याचा एक मुद्दा तेवढा शिल्लक ठेवून बाकीचा दावा निकालात काढला. काय चालते आणि काय चालत नाही याची नोंद घरात असली की मोठ्या धमकीला चार ओळींत उत्तर देता येते.

जर्मनीतील वापरकर्ते आणि छोट्या कंपन्या याहून पुढे गेल्या. पुरावा देत नसाल तर असे आरोप जाहीरपणे करायचे नाहीत, अशी मनाई त्यांनी २००३ मध्येच न्यायालयांकडून एससीओच्या जर्मन शाखेविरुद्ध मिळवली, आणि आरोपाचा मजकूर कंपनीच्या संकेतस्थळावर राहिल्याचे दिसताच १०,००० युरोंचा दंडही झाला. त्यानंतर तिथे ही भाषा बंद पडली. अमेरिकेत मात्र ती पुढे कित्येक वर्षे चालू राहिली.

अमेरिकेतील उणीव भरून काढली ती ग्रोक्लॉ या संकेतस्थळाने. मे २००३ मध्ये पॅमेला जोन्स या वकिलांच्या सहाय्यिका म्हणून काम करणाऱ्या बाईंनी ते सुरू केले. स्वयंसेवक न्यायालयात जाऊन बसत, सुनावणीचा वृत्तांत आणत, छायाप्रती काढलेले निकाल ओळ न ओळ टंकित करत, आणि जुन्या युनिक्सवर काम केलेली माणसे कोणता तुकडा कुठून आला हे पुराव्यासह सांगत. कायद्याची भाषा प्रोग्रॅमरना आणि कोडची भाषा वकिलांना समजू लागली, ती तिथे.

दुसऱ्या बाजूला आपल्यातल्याच काहींनी एससीओच्या संकेतस्थळावर हल्ले चढवून ते बंद पाडले. ऑगस्ट २००३ मधील हल्ल्यानंतर खुल्या सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते एरिक रेमंड यांना, हल्ला करणारा आपल्यापैकीच आहे असे जाहीरपणे सांगून तो थांबवण्याचे आवाहन करावे लागले. सप्टेंबरमध्ये एससीओचे प्रमुख डार्ल मॅकब्राइड यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींना उद्देशून खुले पत्र लिहिले, तेव्हा त्यातला सर्वांत वजनदार मुद्दा हाच हल्ला होता. ओळी दाखवा असे विचारणारे आपण, आणि बेकायदा वागणारेही आपणच, असे चित्र त्यांना आयते मिळाले. जानेवारी २००४ मध्ये मायडूम नावाचा विषाणू पसरला आणि त्याने एससीओला लक्ष्य केले, तेव्हा कोणताही पुरावा नसताना जगाने पहिला संशय लिनक्सवाल्यांवर घेतला. तो कोणी लिहिला हे आजतागायत उघड झालेले नाही.

या सगळ्यातून लिनक्सच्या घरात झालेला टिकाऊ बदल एकच म्हणावा लागेल, आणि तो फार साधा आहे. मे २००४ पासून लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, 'डेव्हलपर्स सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन' म्हणजे उगमाचे प्रमाणपत्र लागू केले. दुरुस्ती पाठवणाऱ्याने तिच्या तळाशी 'साइन्ड-ऑफ-बाय' असे लिहून पुढे आपले नाव आणि ईमेल द्यायचे, म्हणजे हा कोड माझा आहे किंवा तो या परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे, असे त्याने लिहून दिल्यासारखे होते. ती दुरुस्ती ज्या हातांतून वर जाते तेही त्याखाली आपापली ओळ घालतात. आज गिट या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात 'कमिट' करताना '-s' (लहान एस) हा पर्याय दिला की ही ओळ आपोआप पडते. एससीओच्या काळात कोणती ओळ कोणाकडून आली हे शोधायला माणसांना जुन्या टपालाचे ढीग उपसावे लागले. आता ते उत्तर ओळीसोबतच चालत येते.

आपल्याकडे मात्र ही सवय अजून रुजलेली नाही. मराठी भाषांतरे, फाँट, कीबोर्डचे आराखडे, शब्दयाद्या यांवर गेली वीस-पंचवीस वर्षे कितीतरी लोकांनी फुकट काम केले, पण एखादी शब्दयादी कुठल्या कोशावरून घेतली, भाषांतर कोणी तपासले, फाँटचा परवाना केव्हा आणि कशावरून बदलला, हे विचारले तर लेखी उत्तर क्वचितच हाती लागते. लोहित देवनागरीसारख्या फाँटचा परवाना २०११ मध्ये जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यावरून ओपन फाँट लायसन्सवर आला, तेव्हा तो बदल तारीखवार नोंदला गेला, कारण त्यामागे कंपनीची शिस्त होती. चार मित्रांनी शनिवारी-रविवारी बसून केलेल्या शब्दयादीमागे ती शिस्त आपणच ठेवायला हवी.

आता भारतातील कायद्याकडे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम 'साहित्यकृती'त मोडतो, आणि कलम ६३-बी नुसार प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे. त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून फक्त दंड करू शकते. हे कलम दाखवले की मुख्याध्यापकांचा आणि लेखापालांचा चेहरा उतरतो, आणि नोटिसा पाठवणाऱ्यांना ते पक्के ठाऊक असते. पण त्याच कायद्यातील कलम ६० फारसे कोणी दाखवत नाही. कॉपीराइटचा मालक म्हणवणारा कोणी परिपत्रक, जाहिरात किंवा अन्य मार्गाने खटल्याची धमकी देत असेल, तर त्यामुळे बाधित झालेली व्यक्ती स्वतःच न्यायालयात जाऊन, हे उल्लंघन नाही असे घोषित करून घेऊ शकते, धमक्यांना मनाई मागू शकते आणि नुकसानही वसूल करू शकते. धमकी देणाऱ्याने तत्परतेने स्वतः उल्लंघनाचा दावा दाखल करून तो चालवला, तरच त्याला या कलमातून सूट मिळते. म्हणजे जर्मनांनी जे न्यायालयाकडून मिळवले, त्याची वाट आपल्या कायद्यात अगोदरच आखलेली आहे. एससीओची ती १,५०० पत्रे भारतीय कायद्याच्या चौकटीत आली असती, तर दावा लावा नाहीतर पत्रे थांबवा, असे सांगण्याची सोय पत्र मिळालेल्या प्रत्येकाला होती. आपल्या गटांच्या बैठकांत नवनव्या डेस्कटॉपच्या देखणेपणावर तासन् तास चर्चा होते, त्यातली दहा मिनिटे या कलमाला मिळावीत.

दुसऱ्याकडे पुरावा मागणाऱ्याला स्वतःही तो द्यावा लागतो, म्हणून आपल्याच माणसांच्या वागण्याचा मुद्दा टाळता येत नाही. लिनक्सच्या नेटफिल्टर विभागाचे एक माजी प्रमुख जर्मनीत कंपन्यांकडून जीपीएलच्या भंगाबद्दल करारपत्रे लिहून घेत आणि पुढे त्या करारांच्या भंगाचे पैसे मागत, असे दिसून आल्यावर नेटफिल्टरच्या मुख्य गटाने २०१६ मध्ये त्यांना निलंबित केले. पाठोपाठ ऑक्टोबर २०१७ मध्ये कर्नलच्या अनेक लेखकांनी जाहीर निवेदन काढून, चूक पहिल्यांदाच कळवली गेली असेल आणि ती ३० दिवसांत सुधारली तर परवाना कायम राहील, असे मान्य केले. दुसऱ्याच्या परवान्याचा धाक दाखवून पैसे काढणे एससीओने केले तर लूट आणि आपल्या माणसाने केले तर स्वातंत्र्यरक्षण, हा न्याय त्यांनी मान्य केला नाही, हे बरे झाले.

अलीकडचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे, कारण रेड हॅटमध्ये काम करणारी कितीतरी माणसे पुण्यात बसतात आणि आपल्यातील अनेकांचे सर्व्हर तिच्या लिनक्सवरून बनवलेल्या मोफत सेंटओएसवर चालत असत. जून २०२३ मध्ये रेड हॅटने जाहीर केले की आपल्या एंटरप्राइज लिनक्सशी संबंधित सोर्स कोड यापुढे सार्वजनिकरीत्या फक्त सेंटओएस स्ट्रीम या तिच्या पूर्वावृत्तीतून मिळेल, आणि नेमक्या आवृत्तीचा कोड ग्राहकांना त्यांच्या खात्यातून मिळेल. त्या आठवड्यात आपल्या गटांमध्ये "जीपीएलचा खून", "उघड चोरी" असे शब्द सर्रास फिरले. जीपीएल काय म्हणते? ज्याला तुम्ही चालता प्रोग्रॅम देता त्याला सोर्स कोडही द्या, आणि त्याने तो पुढे वाटला तर त्याला अडवू नका. ग्राहकाला कोड मिळतो आहे. वाटणाऱ्या ग्राहकाचे सदस्यत्व रद्द करण्याची मुभा कंपनीच्या करारात असणे, हे जीपीएलने मनाई केलेले 'अधिकचे बंधन' ठरते की नाही, हा खरा वादाचा प्रश्न आहे आणि त्यावर जाणकारांतही एकमत नाही. माझे स्वतःचे मत कंपनीच्या विरोधात आहे. अक्षर पाळून भावना तुडवण्याचा तो प्रकार वाटतो. पण चोरीचा आरोप करायचा तर कलम दाखवावे लागेल, आणि "चोरी" म्हणणाऱ्यांपैकी कोणी ते दाखवल्याचे मला आढळले नाही. मॅकब्राइड यांच्या पत्रातही याच प्रकारची भाषा होती, हे आपण विसरू नये.

म्हणून आपणा सर्वांना माझी काही प्रत्यक्ष विनंती आहे. प्रत्येक संस्थेत एक साधी वही किंवा फाईल असावी, आणि त्यात कोणत्या संगणकावर लिनक्सचे कोणते वितरण (डिस्ट्रिब्यूशन), कोणती आवृत्ती, ती कुठून उतरवली आणि तिचा परवाना कोणता, एवढेच लिहिलेले असावे. मराठी भाषांतराच्या आणि शब्दयाद्यांच्या प्रकल्पांनी उगमाच्या प्रमाणपत्राची पद्धत आजपासून सुरू करावी आणि जुन्या कामापैकी जेवढ्याचा उगम आठवतो तेवढ्याचा लिहून काढावा, कारण ते काम करणारी पहिली पिढी आता निवृत्तीच्या वयात आली आहे. आणि गटांमध्ये जे वकील असतील किंवा वकिलांच्या ओळखीचे असतील, त्यांनी कलम ६० च्या आधारे नोटिशीला द्यायच्या उत्तराचा एक मसुदा मराठीत तयार करून द्यावा. आपण कोणत्या कृतीवर हक्क सांगता, त्या कृतीतील कोणत्या ओळी आमच्या संगणकावरील कोणत्या फायलीत आहेत, आणि तो हक्क आपल्याकडे कोणत्या कागदाने आला, हे तीन प्रश्न त्यात सुरुवातीलाच असावेत. तिसरा प्रश्न कृपया गाळू नये, कारण एससीओ शेवटी अडली ती तिथेच.

मसुदा तयार झाला तर तो सर्व गटांना पाठवावा. पुढच्या खरेदी समितीच्या बैठकीत तो टेबलावर ठेवण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला,
एका शिक्षणसंस्थेचा संगणकव्यवस्थापक